नकाशावरची रेषा जमिनीवर आणताना

समाजसेवा उपक्रमात यंदा आमच्या तुकडीकडे एक वेगळे काम आले. धौलपूरच्या बाहेर, चंबळच्या बीहडांना लागून असलेल्या एका गावातल्या प्राथमिक शाळेत पाचवीच्या मुलांना सहा रविवार भूगोल शिकवायचा होता. विषय तीन दिले होते : नकाशा, भूरूपे आणि जमिनीची धूप. पाठ्यपुस्तकात हे तीन वेगवेगळे धडे असतात. त्या गावात मात्र ते वेगळे करताच येत नाहीत, कारण शाळेच्या मागच्या बाजूला शेत संपते आणि तिथेच जमीन तुटून खाली जाते. आम्ही काय शिकवले आणि कसे शिकवले ते इथे सांगतो. दिवाळीच्या सुट्टीत धाकट्या भावंडांना शिकवायला कुणाला उपयोग झाला, तर लेखाचे सार्थक झाले म्हणेन.

आधी भाषेची एक गोष्ट. मराठीत आपण ‘जमिनीची धूप’ म्हणतो. इथे ‘धूप’ म्हटले की मुले खिडकीतून ऊन बघू लागतील. हिंदीत त्याला ‘कटाव’ म्हणतात. हा शब्द मला आवडला, कारण त्यात जमीन कापली जाते हे लगेच दिसते. पण मराठी शब्दातही अर्थ आहेच. उदबत्ती जळताना दिसत नाही, पण संपलेली दिसते. माती तशीच जाते.

पावलांनी मोजलेला नकाशा

पहिल्या रविवारी आम्ही मुलांना कोरे कागद दिले आणि गावाचा नकाशा काढा म्हणून सांगितले. प्रत्येकाच्या कागदावर स्वतःचे घर सर्वांत मोठे होते, त्याखालोखाल मंदिर, आणि शाळा कोपऱ्यात. चित्र म्हणून ते छान होते. पण त्यावरून शाळेपासून हातपंप किती लांब आहे, हे कुणालाच सांगता येईना. चित्र आणि नकाशा यांतला फरक मुलांना इथेच कळला. नकाशाला माप लागते.

माप कशाने घ्यायचे? आम्ही नैनसिंह रावत यांची गोष्ट सांगितली. कुमाऊँमधल्या मिलम गावचे हे शिक्षक. देहरादूनला सर्वेक्षण खात्याने त्यांना प्रत्येक पाऊल सारखेच टाकायला शिकवले, दोन हजार पावलांचा एक मैल भरेल असे. १८६५ साली ते वेष पालटून तिबेटकडे निघाले आणि पुढच्या वर्षी ल्हासाला पोहोचले. त्यांच्या हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. शंभर पावले झाली की एक मणी पुढे सरकवायचा. नोंदी लपवल्या होत्या प्रार्थनाचक्रात. पुढे १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. गोष्ट संपायच्या आत अर्धी मुले उठून पावले मोजू लागली होती.

पद्धत सोपी आहे. पन्नास मीटर अंतर दोरीने आखून घ्या. मुलाला नेहमीच्या चालीने तीन वेळा चालायला सांगा आणि पावलांची सरासरी काढा. दहा वर्षांच्या मुलाची साधारण ८५ पावले होतात. मग दर शंभर पावलांना एक खडा खिशात टाकत शाळा, हातपंप, मंदिर, पिंपळ, शेताचा बांध अशी अंतरे मोजायची. दिशा आमच्या प्रिझमॅटिक कंपासने घेतली. एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर हे प्रमाण ठरवले. चिन्हांची सूची मुलांनीच तयार केली. दुसऱ्या रविवारच्या शेवटी चार पुठ्ठे जोडून केलेला मोठा नकाशा भिंतीवर लागला. त्यात मंदिर लहान झाले, म्हणून एकदोघे थोडे नाराजही झाले.

बटाट्याची टेकडी

पावलांनी अंतर मिळाले, पण उंची मिळाली नाही. भूरूपे शिकवायची तर समोच्चरेषा हव्यात, आणि मुलांना जड जाणारा भाग हाच. आमच्यातसुद्धा मॅप रीडिंगच्या पहिल्या तासांना तपकिरी रेषांचे गुंतवळ बघून बरेच जण गांगरतात.

त्यासाठी बटाटा घ्या. मोठा बटाटा उभा कापून अर्धा भाग सपाट बाजूवर ठेवा. त्यात वरून दोन काड्या आरपार खोचून काढून घ्या, म्हणजे दोन भोके राहतील. मग बटाट्याच्या आडव्या, सारख्या जाडीच्या चकत्या करा. सर्वांत खालची चकती कागदावर ठेवून तिच्याभोवती पेन्सिल फिरवा आणि दोन्ही भोकांच्या खुणा करा. त्या खुणांवर भोके जुळवून एकेक वरची चकती ठेवायची आणि तिच्याभोवती रेषा काढायची. कागदावर एकात एक अशा रेषा उमटतात. प्रत्येक रेषेवरचे सगळे बिंदू सारख्याच उंचीवर असतात. समोच्चरेषा म्हणजे एवढेच.

आता बटाट्याच्या ज्या बाजूला चढ उभा आहे, तिथे रेषा दाटीने येतात, आणि मंद उतारावर लांब लांब पडतात. हा नियम मुलांनी आम्ही सांगण्याआधीच शोधला. दुसरा नियम थोडा अवघड. कापण्याआधी चमच्याने बटाट्याच्या एका अंगाला वरून खालपर्यंत खाच पाडायची. ही झाली घळ. चकत्यांच्या रेषा काढल्या की खाचेपाशी प्रत्येक रेषा माथ्याच्या दिशेने आत वळलेली दिसते. उलट जिथे टेकडीचा भाग बाहेर आलेला असतो, तिथे रेषा उताराच्या दिशेने फुगते. त्याला आपण सोंड म्हणतो. फौजी भाषेत पहिली रीएन्ट्रंट, दुसरी स्पर. पाणी पहिलीतून वाहते आणि माणसाची वाट बहुधा दुसरीवरून जाते.

मराठी वाचकांना हे शब्द परके नाहीत. सोंड, धार, खिंड, माची, नाळ, घळ, कडा हे सह्याद्रीने आपल्याला दिलेले शब्द आहेत. चंबळकाठी त्यांच्याइतकाच जिवंत शब्द म्हणजे ‘भरका’. पाण्याने कोरलेल्या खोल घळीला इथले लोक भरका म्हणतात. अशा असंख्य भरक्यांचे जाळे म्हणजे बीहड.

इथे एक गंमत सांगतो, पण तिच्यात धडा आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवर दोन समोच्चरेषांतले अंतर बहुतेक ठिकाणी २० मीटर असते. म्हणजे आठ मीटर खोलीची घळ दोन रेषांच्या मधोमध आली, तर ती रेषांत दिसणारच नाही. आठ मीटर म्हणजे तीन माणसे एकावर एक उभी राहिली तरी त्यांच्या डोक्यावर उरते. त्यासाठी टोपोशीटवर तुटलेल्या जमिनीचे वेगळे चिन्ह असते. सैनिकाने ते चिन्ह वाचायला चुकवले, तर सपाट समजून ज्या वाटेने तो निघेल, तिथे दर पन्नास पावलांवर त्याला उतरावे आणि चढावे लागेल. शेतकऱ्याला मात्र नकाशात न दिसणारी घळसुद्धा माहीत असते, कारण ती त्याच्या शेताच्या दिशेने येत असते.

एका थेंबाचे काम

तिसऱ्या रविवारी धूप. एप्रिल महिना असल्याने पाऊस नव्हता, पण पुरावा होता. शाळेच्या चुना लावलेल्या भिंतीवर जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत मातीचे डाग होते. ते कुणी उडवले, हा आमचा पहिला प्रश्न. मुले म्हणाली, बकऱ्यांनी. खरे उत्तर : मागच्या पावसाळ्यातल्या थेंबांनी.

पावसाचा पाच मिलिमीटरचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. उघड्या मातीवर तो लहानशा बॉम्बसारखा फुटतो आणि मातीचे कण उडवतो. ही धुपेची पहिली पायरी. उडालेले बारीक कण मातीची छिद्रे बुजवतात, त्यामुळे पाणी मुरत नाही आणि पातळ थर होऊन उतारावरून वाहू लागते. ते सगळीकडून सारखी माती नेते, म्हणून डोळ्यांना काही दिसत नाही. ही चादर धूप. तेच पाणी थोड्या खोलगट जागी एकत्र आले की बोटाएवढे ओघळ पडतात. नांगरट केली की ते बुजतात, म्हणून शेतकरी निर्धास्त राहतो. पण दरवर्षी पाणी त्याच जागी जमले, तर ओघळाची घळ होते, आणि घळ नांगराला बुजत नाही.

मुलांना आकडे आवडतात, म्हणून फळ्यावर गणित केले. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एका जोरदार सरीत पन्नास मिलिमीटर पडला, तर पाच लाख लिटर. माझे गाव साताऱ्यातल्या माण तालुक्यात. तिथे आम्ही पाणी टँकरने मोजतो. दहा हजार लिटरचे पन्नास टँकर एका हेक्टरवर एका दुपारी रिकामे केले, तर काय होईल? मातीचे गणितही तसेच. हेक्टरभर शेतातून फक्त एक मिलिमीटर थर गेला, तर ती दहा घनमीटर, म्हणजे बारा-तेरा टन माती होते. तीन-चार ट्रॉल्या भरून माती कुणी चोरून नेली, तर गाव गोळा होईल. पावसाने नेली तर कुणी तक्रारही करत नाही.

मग प्रयोग. तीन प्लास्टिकच्या बाटल्या आडव्या कापून त्यांत माती भरली. एकीत उघडी माती, दुसरीत वरून वाळलेला पालापाचोळा, तिसरीत मुळांसकट आणलेले गवताचे ढेकूळ. तिन्ही सारख्या उतारावर ठेवून झारीने सारखेच पाणी घातले. पहिलीतून गढूळ चहासारखे पाणी आले, दुसरीतून पुष्कळ निवळ, तिसरीतून जवळजवळ स्वच्छ आणि तेही उशिरा. या प्रयोगाला भाषण लागत नाही. पुढच्या रविवारी दोन मुलींनी तो घरी आजीला करून दाखवल्याचे सांगितले.

घळ पुढे नाही, मागे सरकते

चंबळ इंदूरजवळच्या जानापाव टेकडीपाशी उगम पावते आणि सुमारे ९६० किलोमीटर वाहून उत्तर प्रदेशात यमुनेला मिळते. माळव्यातून दिल्लीकडे जाणाऱ्या मराठी फौजांना ती ओलांडावीच लागे, त्यामुळे तिचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत भेटते. पण तिच्या काठी एवढे बीहड का झाले?

कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. इथली माती नदीने आणून टाकलेली, खोल आणि भुसभुशीत. आमच्याकडे दोन फूट खणले की मुरूम आणि काळा कातळ लागतो, तसे इथे लागत नाही. नदीचे पात्र भोवतालच्या मैदानापेक्षा बरेच खाली गेले आहे, त्यामुळे मैदानावरचे पाणी नदीकडे जाताना सरळ खाली कोसळते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये आणि तोही झोडपणारा. उन्हाळ्यात तापलेली जमीन तेव्हा उघडी असते. त्यात झाडतोड आणि चराई.

मुलांना सगळ्यात नवी वाटली ती ही गोष्ट : घळ नदीच्या दिशेने वाढत नाही, शेताच्या दिशेने वाढते. मातीचा ढीग करून त्याची एक बाजू फावड्याने उभी कापा आणि वरून हळूहळू पाणी सोडा. पाणी कडेवरून खाली पडते, पायथ्याची माती खाते, वरची कड अधांतरी होते आणि ढासळते. आता कड थोडी मागे गेली. पुन्हा पाणी, पुन्हा तेच. घळीचे तोंड असे एकेक पाऊल वरच्या अंगाला चालते.

चौथ्या रविवारी हे दाखवत असताना एका मुलाने विचारले, “हमारा खेत तो भरका पाटकर बना है। पिताजी ने गलत किया?”

याचे उत्तर पुस्तकात नव्हते. बीहड यंत्राने सपाट करून शेत करणे ही चंबळकाठची नेहमीची गोष्ट आहे. ज्याच्याकडे दोन बिघे आहेत, त्याला तिसरा हवाच असतो. पण नुसती सैल माती ढकलून केलेले सपाट शेत पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत पुन्हा फाटू लागते, कारण वरून येणारे पाणी तेवढेच राहते. आमच्याबरोबर आलेल्या सरांनी मुलाला दिलेले उत्तर मी तसेच सांगतो : वडिलांनी शेत केले ही चूक नाही. शेताच्या वरच्या पाण्याला वाट ठरवून दिली नाही, तर त्यांची मेहनत वाया जाईल. तो मुलगा खाली बसला, आणि पुढच्या रविवारी वडिलांना बरोबर घेऊन आला.

चुन्याची रेषा

पाचव्या रविवारचा पाठ त्या वडिलांसाठीही होता. तीन बांबू बांधून इंग्रजी ‘ए’ अक्षराची चौकट केली. वरच्या टोकाला दोरीने दगड टांगला. चौकट जमिनीवर उभी करून आडव्या काठीवर दोरी जिथे टेकते तिथे खूण केली, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण केली. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी. आता एक पाय रोवून दुसरा पाय असा फिरवायचा की दोरी मध्यखुणेवर येईल. तिथे दोन्ही पाय सारख्या उंचीवर असतात. असे चालत जाऊन प्रत्येक पावलाला चुन्याची फक्की टाकायची.

शेतात पांढरी वाकडीतिकडी रेषा उमटली. मुले म्हणाली, ही तर बटाट्याची रेषा! नकाशावरची समोच्चरेषा अशी जमिनीवर उतरते.

या रेषेवरच बांध घालायचा किंवा चर खणायचा असतो. आमच्या माणमध्ये डोंगरउतारावर सलग समतल चर खणतात ते असेच : साधारण दोन फूट रुंद, एक फूट खोल, आणि खणलेली माती उताराच्या बाजूला. चर पातळीत असला की पाणी धावत नाही, थांबते आणि मुरते. तिरका गेला तर तोच चर नवा ओघळ होतो. पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ म्हणतात ते यासाठीच. आधी वरचे पाणी अडवायचे, मग खाली उतरायचे.

पण दोन जमिनींचे औषध एक नसते, हेही तितकेच महत्त्वाचे. कातळाच्या डोंगरावर चर चालतो. बीहडाच्या अगदी कडेला खोल चर खणून पाणी साठवले, तर भुसभुशीत माती आतून पोखरून कडच कोसळू शकते. म्हणून इथे कडेपासून मागे सरकून बांध घालतात आणि जास्तीचे पाणी एका ठरलेल्या, दगडांनी किंवा गवताने पक्क्या केलेल्या जागेतूनच खाली सोडतात. उथळ घळी पायऱ्या पाडून शेतीखाली आणता येतात. खोल भरके मात्र गवत, बांबू आणि झाडांना सोडून द्यावेत. मारवेलसारखे गवत मातीला चांगले धरते. पूर्वी बीहडांवर विमानातून विलायती बाभळीचे बी टाकले गेले. तिने जळण दिले, पण तिच्याखाली गवत फारसे वाढत नाही, आणि माती जमिनीलगत धरून ठेवते ते गवतच. या प्रश्नांवर देहरादूनच्या मृदा व जलसंधारण संस्थेची कोटा, आग्रा आणि गुजरातमधल्या वसाड इथली केंद्रे काम करतात.

खुंट्यांची वही

सहाव्या रविवारी शाळेमागच्या तीन घळींच्या तोंडापासून सरळ मागे, पाच-पाच मीटरवर आम्ही लोखंडी खुंट्या ठोकल्या आणि मुलांना एक वही दिली. नियम दोन : मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी खुंटीपासून कडेपर्यंतचे अंतर मोजायचे, आणि कडेजवळ मास्टरजींशिवाय जायचे नाही.

ऑक्टोबरमध्ये आम्ही वही बघितली. पहिल्या घळीचे तोंड पावसाळाभरात ४० सेंटिमीटर मागे आले होते. दुसरी, जिच्या वरच्या अंगाला कुणाचे तरी जुने गवताचे कुरण आहे, ती जागची हलली नव्हती. तिसरी १ मीटर ६० सेंटिमीटर सरकली होती. कारणही वहीत होते, एका मुलीच्या अक्षरात : या घळीच्या तोंडाशी वाडीवरून शाळेत येणारी पायवाट उतरते. पायांनी आणि गुरांच्या खुरांनी गवत मेले, वाट खोलगट झाली, आणि शेतातले सगळे पाणी त्या वाटेने धावले. शाळेत यायची जवळची वाटच शाळेकडे घळ घेऊन येत होती.

मुलांनी स्वतःच ठरवले की आता बांधावरून वळसा घालून यायचे. वळसा १४० पावलांचा आहे, त्यांनी मोजला. जुन्या वाटेवर आडव्या दगडांच्या चार ओळी लावल्या आणि कुरणातल्या गवताचे ठोंब आणून लावले. ते टिकेल की नाही, हे पुढच्या पावसाळ्यातल्या नोंदी सांगतील. वही शाळेच्या कपाटात आहे, आणि भिंतीवरच्या नकाशात तिन्ही घळी तारखेसह काढल्या आहेत.

मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात की एवढे करा. शेताच्या खालच्या बांधाशी उभे राहून वर बघा. पाणी कुठून येते, कुठे जमते आणि कुठून बाहेर पडते, याचा कागदावर पावलांनी मोजलेला नकाशा काढा. बांध फुटला असेल, तर फुटलेल्या जागेच्या वरच्या अंगाला कारण सापडते का पाहा. घरी आजोबा असतील, तर वीस वर्षांपूर्वी ओढ्याची कड कुठे होती ते विचारा आणि तिथे खुंटी ठोका. पालकांनाही विनंती आहे : त्या वेळी मुलाच्या हातातून फावडे काढून घेऊ नका.